कॉइलताईंचा गारठवलेला पिकअप

कॉइलताईंची वायर तुटली की घरात सगळ्यांना कळतं, आज स्वारी खुशीत आहे. आनंद झाला की कुणी गुणगुणतं, कुणी दोन घास जास्त जेवतं. ताईंची बोटं वायर जरा जास्तच ओढून धरतात. ती वायर तांब्याची, केसाहून बारीक. तिला एवढं प्रेम सोसत नाही. ती टक्कन तुटते, ताई "गेली मेली!" म्हणून खदखदून हसतात, आणि दुकानाच्या पुढच्या भागात मोटारी दुरुस्त करणारे त्यांचे दादा मान वर न करता विचारतात, "आज काय झालं आता?"

तर मधे बरेच दिवस ही वायर सारखी तुटत होती. त्याची ही हकिकत.

दुकान वडिलांचं. पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, जे काही जळून येईल त्याची जुनी वायर सोलून काढायची आणि नवी गुंडाळायची. दादा मोठ्या मोटारींकडे वळले. ताईंना लहानपणापासून बारीक वायरीच्या वेटोळ्यांचा, म्हणजे कॉइलचा नाद, म्हणून त्या कॉइलताई. एके दिवशी कुणीतरी मुका झालेला पिकअप घेऊन आलं. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेली बोटभर लांबीची चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती वायरीचे हजारो वेढे. वर तार थरथरली की आत वीज थरथरते आणि अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, तिचा आवाज होतो. वडील म्हणाले, "हे आपलं काम नव्हे." ताई म्हणाल्या, "पंख्याचंच धाकटं भावंड आहे, त्याला काय घाबरायचं?" त्यांनी तो गुंडाळला, गिटारमध्ये बसवला, तार छेडली आणि आवाज ऐकून जागच्या जागी उडाल्या. पंखा दुरुस्त केला तर फार तर वारा देतो. हे बेणं चक्क गात होतं! त्या दिवशी ताईंनी पंख्यांवर पाणी सोडलं ते कायमचं.

लग्नाचं म्हणाल तर स्थळं आली, गेली, विचारणारे विचारून थकले. ताईंना त्याचं दुःख होतं असं कुणी समजू नये. त्यांना दिवस पुरत नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पन्नाशीची एकटी बाई म्हटली की वाचणारे उगाच हळहळायला लागतात.

सगळ्याची सुरुवात केली केसवाल्याने. हा म्हणजे ताईंचं जुनं गिऱ्हाईक, केस खांद्यापर्यंत, गिटार बरी वाजवतो आणि बोलतो त्याहून जास्त.

"ताई, माझा पिकअप गोठवून द्याल?"

"आमच्या फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही, तुझा पिकअप कुठे ठेवू?"

"तसं नाही हो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये. शून्याच्या खाली दोनशेच्या आसपास. कारखान्यात ड्रिल आणि गिअर असे गोठवतात, मग ते जास्त टिकतात. पिकअप गोठवला की आतला धातू शांत होतो आणि आवाज उघडतो. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे..." केसवाल्याने हवेत हात फिरवला. "सगळेच."

ताईंनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण तो गेला आणि ताईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खरंच होत असेल तर? आयुष्यभर पिकअप गुंडाळले आणि एवढी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही? दोन दिवसांनी त्या स्टीलच्या डब्यात पिकअप घालून गावाबाहेरच्या कारखान्यात जाऊन थडकल्या.

तिथे जमिनीवर पांढरी वाफ लोळत होती. मधोमध मोठ्ठं झाकणाचं पिंप, भिंतीशी ड्रिल आणि दातेरी चाकांनी भरलेल्या जाळीच्या टोपल्या. कोपरापर्यंत जाड हातमोजे आणि तोंडापुढे काच लावलेला एक उंच, किडकिडीत माणूस एक टोपली पिंपात सोडत होता. इतक्या सावकाश, की टोपली हलतेय हे कळायला ताईंना तिच्यावर नजर रोखून बघावं लागलं. "अहो, जरा लवकर सोडा की," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"थंड काय कुणीही करेल," तो माणूस काच वर करत म्हणाला. "हळू थंड करता आलं पाहिजे. घाई केली की तडकतं."

ताईंनी डबा उघडून पुढे केला. आता हा हसणार, अशी त्यांची खात्री होती. तो हसला नाही. पिकअप हातात घेऊन त्याने विचारलं, वायर गुंडाळलीय तो साचा कशाचा आहे, वायरीवरचा लेप कोणता, आत मेण भरलंय का. इतके प्रश्न ताईंना जन्मात कुणी विचारले नव्हते. लोक विचारायचे ते एवढंच, कधी मिळेल?

"असा एकच आणलात?" तो म्हणाला. "जुळे करा. एकाच रिळाचे, एकाच हाताचे. एक मी गोठवतो, एक तसाच ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी ऐकले नाहीत तर कळणार कसं?"

ताई घरी आल्या, जुळे गुंडाळायला बसल्या आणि वायर तुटली. पुन्हा गुंडाळायला घेतलं, पुन्हा तुटली. दादा म्हणाले, "काय झालं?" ताई म्हणाल्या, "काही नाही. एका माणसाने 'कळणार कसं' असं विचारलं." आतून वहिनींनी कान टवकारले.

गोठवलेला पिकअप घेऊन तो माणूस सुटीच्या दिवशी स्वतःच दुकानात आला. पिकअप शेकून गरम करायचा नसतो, आपल्या गतीने गरम होऊ द्यायचा असतो, नाहीतर आत पाणी धरतं, म्हणून त्याने तो टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून आणला होता. दुसऱ्या हातात एक विचित्र यंत्र. "हाताने तार छेडली तर जोर कमीजास्त होणार," तो म्हणाला, "म्हणून हे केलंय." गाडीची काच पुसणारा वायपर होता तो! वायपरच्या दांडीला गिटार छेडायची पात बांधलेली. बटण दाबलं की दांडी तारांवरून झुईईक करून जायची आणि झुईईक करून परत यायची, पाऊस पुसत असल्यासारखी. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या स्टुलावरून खाली बसल्या. तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "आवाज जास्त येतो का? मोटरला तेल घालतो." त्यावर तर ताईंनी पदर तोंडात कोंबला.

"वन्सं, कोण आलंय?" वहिनी बाहेर डोकावल्या.

"नायट्रोजनचे आहेत."

"म्हणजे बर्फवाले."

"बर्फ नसतो त्यात," तो अदबीने म्हणाला. पण वहिनींनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं. त्या दिवसापासून ते बर्फवाले.

ताईंच्या चाचणीच्या गिटारमध्ये न गोठवलेला पिकअप आधीच बसवलेला होता. तो वायपरने वाजवून झाला, रेकॉर्ड केला. मग ताईंनी तो काढला, गोठवलेला बसवला, तारा सुरात लावल्या. झुईईक. आणि काय सांगावं! आवाज लख्ख. जणू कुणी कानातला कापूस काढला. केसवाला ऐकायला आलेला होता, तो "उघडला! उघडला!" करत दुकानभर नाचला. दादाही हातातला पाना ठेवून आले. ताईंनी टाळ्या पिटल्या. बर्फवाल्यांच्या चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी हललं, ते हसू असावं. "छान," ते म्हणाले. "पण एकदा करून कळत नाही. पुन्हा करून बघायला हवं."

"बघूया ना!" ताई म्हणाल्या. "पुढच्या सुटीला?"

"चालेल."

आता खरी गोष्ट इथे आहे. दोनच दिवसांनी ताई दुसऱ्याच कुणाच्या गिटारचा पिकअप बदलत होत्या. जुन्या तारा कापून टोपलीत टाकल्या, नवा पिकअप बसवला, नव्या कोऱ्या तारा चढवल्या. आयुष्यभराची सवय. पिकअप बसवून गिऱ्हाइकाला गिटार परत द्यायची तर जुन्या, मळक्या तारांसकट देत नाहीत, हे वडिलांनी शिकवलेलं. हात आपले आपण करतात, डोक्याला विचारत नाहीत. आणि एकदम ताईंचे हात थांबले. त्या दिवशीसुद्धा हातांनी हेच केलं होतं. न गोठवलेला पिकअप जुन्या गंजक्या तारांवर वाजला, गोठवलेला नव्या कोऱ्या तारांवर. आवाज उघडला तो नव्या तारांचा! तिथे चपलेचा तुकडा बसवला असता तरी उघडला असता.

ताईंनी कपाळावर हात मारला आणि फोन उचलला. बर्फवाल्यांना सांगायलाच हवं होतं. सांगितलं की ते म्हणणार, "अच्छा," मग तारा न बदलता एकदा नीट चाचणी करणार, उत्तर मिळणार, वायपर गुंडाळणार आणि जाणार. उत्तर मिळाल्यावर माणूस कशाला येईल? ताईंनी फोन खाली ठेवला. पंधरा मिनिटं त्या नुसत्या फोनकडे बघत बसल्या. मग गुंडाळायला बसल्या. त्या दिवशी वायर तुटली नाही, हे वहिनींच्या नजरेतून सुटलं नाही.

आणि सुरू झाल्या चाचण्या. दर सुटीला बर्फवाले टॉवेलात काहीतरी गुंडाळून हजर. ताईंचे हात आपले तारा बदलायचे ते बदलायचे आणि ताई त्यांना अडवायच्या नाहीत. ज्याच्या वाट्याला नव्या तारा येतील तो पिकअप जिंकायचा. एकदा गोठवलेला पुढे, एकदा साधा पुढे. ताई म्हणायच्या, "खिडकी उघडी होती, म्हणून असेल." बर्फवाले म्हणायचे, "शक्य आहे." पुढच्या खेपेला ताईंना पिकअपचा स्क्रू अर्धा फेरा वर वाटायचा. त्याच्या पुढच्या खेपेला बर्फवाल्यांनाच वाटलं, वायपरच्या मोटरला तेल जास्त झालंय. एवढा काटेकोर माणूस, पण ताईंची असली भुसभुशीत कारणं कशी काय मान्य करत होता, हे ताईंच्या लक्षातच आलं नाही. आपण पकडले जाऊ या धास्तीत आणि आज निळा शर्ट घालतील की राखाडी या विचारात त्यांना बाकी काही सुचत नव्हतं. चाचणी दहा मिनिटांची, गप्पा दुपारभर. बर्फवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब नांदत होती, घरी गेल्यावर बोलायला कुणी नसायचं, हे सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं, टोपली पिंपात सोडावी तसं. ताईंनी पंख्याचं, वडिलांचं, पहिल्या पिकअपचं सांगितलं. ते सांगताना त्या उडी मारून दाखवायला गेल्या आणि कपाळ लोंबत्या दिव्यावर आपटलं.

"वन्सं," वहिनी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "या पिकअपचा निकाल या जन्मात लागणार का?"

"विज्ञान आहे वहिनी. तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. म्हणून तर विचारते."

असं चाललं असतं आणखी वर्षभर. पण केसवाल्याचं तोंड म्हणजे गावाची दवंडी. ताईंकडे पिकअप गोठवून मिळतो, आवाज उघडतो, असं त्याने चारचौघांत पसरवलं आणि लोक यायला लागले. ताई त्यांना "अजून चाचणी चालू आहे" म्हणून वाटेला लावायच्या. मग एका सकाळी मास्तर आले.

मास्तरांनी अर्ध्या गावाला गिटार शिकवली होती. त्यांची स्वतःची गिटार त्यांच्याहून थोडीच तरुण. तिचा पिकअप ताईंच्या वडिलांच्या काळातला, पिवळा पडलेला साचा, पुन्हा कधी मिळणार नाही असा. तो त्यांनी रुमालातून काढून ताईंच्या हातावर ठेवला.

"गोठव," मास्तर म्हणाले. "मला आताशा वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. आवाज उघडतो म्हणतात ना, तर बघू."

"मास्तर, जुना साचा आहे. तडकला तर?"

"तू म्हणतेस ना फरक पडतो? मग पडतच असणार. तुझ्या कानावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे."

इतके दिवस जे गंमत गंमत चाललं होतं ते आता हातावर पडलं होतं, पिवळं, जुनं आणि तडकण्याजोगं. ताई खोडकर होत्या, लबाडही असतील थोड्या, पण आवाजाच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाला फसवलं नव्हतं. "मास्तर, हा परत न्या," त्या म्हणाल्या. "सुटीच्या दिवशी या. निकाल लागणार आहे." आणि हे बोलतानाच त्यांना रडू येईल की काय असं वाटलं, कारण निकाल काय लागणार हे त्यांना ठाऊक होतं.

सुटीच्या दिवशी दुकानात पडदा लावला. पडद्यामागे दादा आणि वहिनी. दादा पिकअप बदलणार, कोणता बसवायचा ते वहिनी ठरवणार आणि कुणाला सांगणार नाहीत. तारा एकच, सैल करायच्या आणि पुन्हा ताणायच्या. नव्या तारा चढवायच्या नाहीत, असं ताईंनी दादांना बजावून सांगितलं. ते सांगताना त्यांनी बर्फवाल्यांकडे बघायचं टाळलं. ऐकायला केसवाला, मास्तर, बर्फवाले आणि ताई, चौघंही पडद्याकडे पाठ करून. गोठवलेला वाटला तर हात वर करायचा.

झुईईक. केसवाल्याचा हात वर. झुईईक. मास्तरांचा हात अर्धा वर, मग खाली, मग कानामागे. झुईईक. ताईंना काही म्हणजे काही फरक ऐकू येईना, तरी त्यांनी एकदा हात वर केला, मग लाजून खाली घेतला. केसवाला प्रत्येक वेळी डोळे मिटून "अहाहा" म्हणत होता. शेवटी वहिनी पडदा बाजूला सारून बाहेर आल्या, त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"शेवटच्या तिन्ही खेपांना मी एकच पिकअप ठेवला होता. साधा. आणि हे महाराज," त्यांनी केसवाल्याकडे बोट दाखवलं, "तीनदा गार झाले!"

केसवाल्याचा चेहरा पाहून मास्तरांना ठसका लागला. दादा स्टुलावर बसून मांड्या थोपटायला लागले. बर्फवाल्यांनी मीटरने मोजलेले वायरीचे आणि चुंबकाचे आकडेही तेच म्हणत होते: गोठवण्यापूर्वी आणि नंतर, जसंच्या तसं. केसवाला अजूनही पुटपुटत होता की त्याला आतून जाणवतं, पण त्याचं ऐकणार कोण! मास्तरांनी आपला रुमाल खिशात चाचपून पाहिला आणि ते म्हणाले, "बरं झालं बाई. रात्रभर झोप नव्हती मला."

सगळे हसत होते, आणि ताई उभ्या राहिल्या. "फरक नाही," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या दिवशी होता तो तारांचा. मीच नव्या चढवल्या होत्या. मला तेव्हाच कळलं होतं, दोन दिवसांत. मी बोलले नाही."

वहिनींना अचानक आत दूध उतू जात असल्याची आठवण झाली, आणि जाताना त्यांनी दादांना, केसवाल्याला आणि मास्तरांनाही दूध बघायला नेलं.

बर्फवाले वायपरची वायर गुंडाळत होते, सावकाश, नीट वेटोळी करून. ताईंना वाटलं, आता हे "अच्छा" म्हणतील आणि जातील.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तारांचं. तुमच्या टोपलीत जुन्या तारा पडल्या होत्या. ताज्या कापलेल्या."

ताईंचं तोंड उघडंच राहिलं. "मग बोलला का नाहीत? इतका काटेकोर माणूस! मोटरला तेल जास्त झालं म्हणालात!"

"तुम्ही बोलला नाहीत." ते वायरीकडेच बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुम्हाला घाई नसेल. मला तर नव्हतीच."

ताईंना एकाच वेळी हसू आलं, राग आला, आणि पहिला पिकअप वाजला तेव्हा मारली होती तशी उडी मारावीशी वाटली. दिवा अजून तिथेच लोंबत होता, म्हणून मारली नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पुढच्या सुटीला काही तपासायचं नाही. पिकअप नाही, वायपर नाही. तरी या."

"नुसताच?"

"नुसतेच."

बर्फवाल्यांनी बराच विचार केला. टोपली पिंपात सोडायला लागतो तेवढा वेळ घेतला. "नुसतं येऊन फरक पडतो का," ते शेवटी म्हणाले, "कळणार कसं?"

"एकदा येऊन नाही कळायचं," ताई म्हणाल्या. "परत परत यावं लागेल."

बर्फवाले हसले. या वेळी ते हसूच होतं, शंका घ्यायला जागा नव्हती. वायपर त्यांनी नेला नाही, कोपऱ्यात ठेवून गेले. ते गेल्यावर ताई मास्तरांच्या पिकअपसाठी जुळा भाऊ गुंडाळायला बसल्या, असावा म्हणून, जुना कधी दमला तर. थोड्या वेळाने आत वहिनींना टक्कन आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ, "गेली मेली!"

दादांनी विचारलंही नाही, आज काय झालं म्हणून.